दोन विहिणी आणि एक भाडेकरार

लेकीच्या लग्नात विहीणबाई जे बोलल्या ते काचताई चार वर्षांत विसरल्या नव्हत्या. जेवणाच्या टेबलाशी, वीस-पंचवीस माणसांच्या देखत, विहीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या होत्या, "मुलगी गुणाची आहे हो, फक्त साधा भातही शिजवता येत नाही तिला. आईला शिकवायला सवड झाली नसेल." लोक हसले. काचताईही हसल्या, आणि त्या दिवसापासून विहीणबाईंशी कामापुरतंच बोलायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. काम असं काही निघालं नाही, त्यामुळे बोलणंही निघालं नाही.

सवड झाली नव्हती हे खरंच होतं, म्हणून तर जास्त लागलं. नवरा गेला तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. तेव्हापासून काचताई एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काम करत आल्या होत्या. पुढे गिऱ्हाइकांचे डोळे तपासले जात, आरशासमोर फ्रेमा लावून बघितल्या जात. मागे काचताई गोल काचा फ्रेमच्या मापाने घासत, कडा गुळगुळीत करत आणि खाचेत अलगद बसवत. 'कट्' असा बारीक आवाज आला की काच बसली. या आवाजाची त्यांना इतकी सवय झाली होती की घरी डब्याचं झाकण नीट लागलं तरी त्या समाधानाने मान हलवत. काचताई हे नाव दुकानात पडलं आणि मग सगळ्या रस्त्याने उचललं.

राहायला त्या दुकानापासून वीस मिनिटांवर होत्या. तिसरा मजला, दोन खोल्या, सकाळी दोन तास ऊन. लेक याच घरात मोठी झाली. सुरुवातीला भाड्याला पगाराचा तिसरा हिस्सा जाई. मग निम्मा जाऊ लागला. पगार वाढत नव्हता असं नाही. दुकानाचे मालक दर दीड-दोन वर्षांनी तो थोडा वाढवत, आणि वाढवताना दाढ उपटून घेत असल्यासारखं तोंड करत. भाजी महागली, साबण महागला, बसचं तिकीट महागलं, आणि पगार लंगडत का होईना त्यांच्या मागून जात राहिला. भाडं मात्र या सगळ्यांना मागे टाकून केव्हाच दिसेनासं झालं होतं.

एका सोमवारी सकाळी घरमालकाच्या मुलाचा फोन आला. म्हातारे मालक आता व्यवहार बघत नव्हते.

"काकू, करार संपतोय. नवीन आकडा पाठवलाय तुम्हाला. रागावू नका हं, बाजारभावापेक्षा कमीच लावलंय."

काचताईंनी आकडा बघितला. पगाराच्या तीन वाट्यांतले दोन वाटे त्यात जात होते.

"बाळा," त्या म्हणाल्या, "भाडं बाजारभावाने घेतोस ते ठीक. मला पगार बाजारभावाने कोण देणार?"

मुलगा वाईट नव्हता. "दोन महिने घ्या काकू," तो म्हणाला. "घाई नाही."

त्याच दुपारी दुकानाचे मालक पेपर वाचता वाचता म्हणाले, "महागाई उतरली म्हणे यंदा."

"कुणाकडे उतरलीय?" काचताईंनी मागच्या खोलीतून विचारलं. "आमच्याकडे आली नाही ती अजून. भाजी महाग झाली तर माणूस थोडी कमी आणतं. घर महाग झालं तर काय करायचं? उंबऱ्यापर्यंतच राहायचं?"

मालकांनी पेपर उलटला आणि खेळाचं पान काढलं.

लेकीला काही सांगायचं नाही हे काचताईंनी त्याच क्षणी ठरवलं. लेक आणि जावई एका खोलीत राहत. सांगितलं असतं तर दोघांनी पलंग आईला देऊन स्वतः जमिनीवर अंथरूण घातलं असतं, आणि वर 'आम्हाला असंच आवडतं' असंही म्हटलं असतं. ते काचताईंना सहन झालं नसतं.

मग घरं बघणं सुरू झालं. पहिलं घर म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी होती. एजंट तिला 'हवेशीर खोली' म्हणत होता, आणि हवा खरोखरच होती, चारही बाजूंनी. दुसऱ्या घरात स्वयंपाकघर भिंतीतल्या कपाटात होतं. दार उघडलं की शेगडी, दार लावलं की कपाट. "सुटसुटीत आहे," एजंट म्हणाला. काचताई म्हणाल्या, "मीच सुटसुटीत नाही हो," आणि जिना उतरल्या.

तिसरं घर बरं होतं असं ऐकलं. शनिवारी सकाळी दहाला दाखवणार होते. काचताई साडेनऊला पोचल्या तर रांग जिन्यातून फाटकापर्यंत आलेली. सतराव्या-अठराव्या नंबरला त्या उभ्या राहिल्या. वरच्या वळणावर एक ओळखीचा आवाज कुणाला तरी सांगत होता, "सरका थोडे, सरका. दोन माणसांत एका माणसाचं अंतर ठेवलं तर रांग उद्या संपेल."

काचताईंनी मान वर केली. तो आवाज विसरणं शक्यच नव्हतं. विहीणबाई! राखाडी जाकीट, आखूड कापलेले केस, हातात चाव्यांचा जुडगा. विहीणबाई एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या, आणि सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून शिकाऊ माणसांना ओरडायची सवय, त्यामुळे खाली उतरल्यावरही आवाज उतरत नसे.

काचताईंनी भिंतीकडे तोंड केलं. पण मास्तरीणबाईंची नजर आरशात मागचं बघायला सरावलेली.

"विहीणबाई? तुम्ही?"

जिन्यातली अठरा डोकी वळली.

"मैत्रिणीसाठी बघतेय," काचताई म्हणाल्या.

"मीसुद्धा मैत्रिणीसाठीच," मास्तरीणबाई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणालाच खोटं बोलता येत नव्हतं, हे दोघींच्याही लगेच लक्षात आलं.

घर त्या दोघींनाही मिळालं नाही. त्याआधी एजंटने फॉर्म पुढे केला, त्यात लिहिलं होतं की भाडेकरूचा पगार भाड्याच्या तिप्पट हवा. "तिप्पट असता तर मी या जिन्यात कशाला उभी राहिले असते?" असं मास्तरीणबाईंनी त्याला विचारलंसुद्धा. शेवटी एका तरुण जोडप्याने मागितल्यापेक्षा जास्त भाडं कबूल केलं, आणि रांग उतरली.

खाली कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं. "चला," मास्तरीणबाई म्हणाल्या. काचताईंना नाही म्हणायचं होतं, पण पाय दुखत होते. पायांनीच हो म्हटलं.

"मुलांना सांगितलंत?" बसताक्षणी मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"वेड लागलंय का मला? माझा मुलगा नोकरी सोडून टॅक्सी चालवायला निघेल." त्यांनी चहात पाव बुडवला. "सांगा मला, माझी फी पाच वर्षांत किती वाढली असेल? पावपट. आणि भाडं? दुपटीला हात लावून आलंय. माझ्याकडे एक शिकाऊ येतो, सरकारी आकडे गोळा करायच्या खात्यात आहे. क्लच कधी सोडायचा ते त्याला कळत नाही, पण आकडे पाठ आहेत. मी त्याला म्हटलं, तुमच्या कागदावर भाडं एवढंसंच वाढलेलं कसं दिसतं? तो म्हणाला, बाई, त्यात सगळी घरं येतात. जे दहा वर्षं हलले नाहीत, ज्यांचा मालक विसराळू आहे, तेही येतात. जो आज बाहेर पडून घर शोधतो त्याला वेगळाच आकडा भेटतो."

"आपल्याला तोच भेटला," काचताई म्हणाल्या.

"हो ना. जिन्यातच उभा होता."

काचताई हसल्या, आणि हसल्याचा त्यांना रागही आला.

मास्तरीणबाईंनी मग बोटांवर काहीतरी जुळवलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि एकदम म्हणाल्या, "तुमचा पगार आणि माझा पगार एका फॉर्मवर घातला तर तिप्पट होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन खोल्या. एक तुमची, एक माझी. मध्ये स्वयंपाकघर. विचार करा, लगेच उत्तर देऊ नका. मी शिकाऊंनाही सांगते, आधी आरशात बघा, मग वळा."

काचताईंनी तीन दिवस विचार केला. त्यातले अडीच दिवस लग्नातल्या त्या वाक्याचा केला, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात हो म्हणून टाकलं. दुसरा रस्ताच दिसत नव्हता.

घर मिळालं ते दुसऱ्या मजल्यावर, खाली चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. एजंट फॉर्म भरत होता.

"दोघींचं नातं?"

"विहिणी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्याने पेन थांबवलं. "इथे पती-पत्नी आहे, भावंडं आहे, आई-मुलगी आहे. विहीण नाही."

"मग?"

"'इतर' आहे."

"लिहा मग इतर," काचताई म्हणाल्या. "आपण इतरच."

मुलांना सांगावं लागलंच. "आम्हा दोघींना एकटीने कंटाळा यायला लागला," असं दोघींनी ठरवून सांगितलं. लेक फोनवर हळूच म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना? तुला त्यांचं नावही काढलेलं आवडत नव्हतं."

पहिले दोन महिने कठीण गेले. मास्तरीणबाई पाचला उठत आणि उठल्याचं घरभर कळवत. आंघोळीला जाताना सांगत, आल्यावर सांगत. काचताई भाजी चिरत असल्या की मागे उभं राहून, "सावकाश, सावकाश, आता डावीकडे," असं त्यांच्या तोंडून आपोआप निघे. काचताईंचं उलटं. त्या काही बोलतच नसत. मास्तरीणबाईंनी धुतलेले पेले त्या उजेडात धरत, डाग शोधत, आणि मुकाट्याने पुन्हा धूत. एका रविवारी सकाळी मास्तरीणबाईंनी हे पाहिलं.

"मी धुतलेलं पुन्हा धुताय?"

"डाग होता."

"डोळ्यांना दिसतो तो डाग की चष्म्याच्या दुकानात दिसतो तो?"

आणि मग इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. काचताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला भांडी धुवायला कुणी शिकवायची गरज नाही. मला सवड नव्हती, लेकीला भातही शिकवला नाही मी, पण पेला स्वच्छ आहे की नाही तेवढं कळतं मला!"

मास्तरीणबाई गोंधळल्या. "भाताचं काय मध्येच?"

"लग्नात म्हणालात तुम्ही. सगळ्यांसमोर."

मास्तरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, खूप आठवायचा प्रयत्न केला. "मला आठवत नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

काचताईंनी पेला खाली ठेवला आणि खुर्ची ओढली. चार वर्षं आपण ज्याचं ओझं उचललं ते या बाईला आठवतसुद्धा नाही! रडावं की हसावं तेच त्यांना कळेना.

मास्तरीणबाई समोर बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "आठवत नाही, पण म्हटलं असेन. माझ्यासारखीच्या तोंडून ते सहज जाईल. दिवसभर चुका दाखवायचा पगार मिळतो, मग चूक नसली तरी दाखवते मी. माझं चुकलं, विहीणबाई. आणि एक सांगू? भात मलाही नीट येत नाही. चार महिने तुम्हीच करताय, बघताय ना."

"दोन महिने," काचताई म्हणाल्या.

"मला चार वाटले," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि दोघींना हसू फुटलं. त्यानंतर पेले काचताईंनी धुवायचे आणि मास्तरीणबाईंनी त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं.

गाडी जरा सुरळीत चालायला लागली, तोच चष्म्याचं दुकान अडचणीत आलं. दुकानाच्या जागेचंही भाडं वाढलं. मालकांनी हात टेकले आणि पलीकडच्या गल्लीत एक चिंचोळा गाळा घेतला. त्याला मागची खोली नव्हती. काचा आता मोठ्या कारखान्यातून बसवूनच येणार होत्या. "दुरुस्तीचं काम राहील काचताई," मालक खाली बघत म्हणाले. "आठवड्यातले तीन दिवस या. सव्वीस वर्षं झाली, मला तोंड दाखवायला जागा नाही."

"तुम्ही तरी काय करणार," काचताई म्हणाल्या. त्यांनी आपली बारीक हत्यारं फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. पगार निम्म्यावर आला, आणि त्याच्या तीन वाट्यांतले दोन वाटे पुन्हा भाड्यातच जाणार होते. जवळ थोडी शिल्लक होती, तिच्यात दोन महिने निघाले असते.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. रोजच्या वेळेला डबा घेऊन निघायच्या. काम नसेल त्या दिवशी दवाखान्यासमोरच्या बागेत बाकावर बसायच्या, दुपारी डबा खायच्या, संध्याकाळी घरी यायच्या. आपण घर सोडावं, विहीणबाईंना दुसरी कुणी सोबतीण बघायला वेळ द्यावा, हे कसं सांगायचं याची वाक्यं तिथे बसून त्या जुळवत. एकही वाक्य पूर्ण होत नसे.

पण सबंध गावात गाडी फिरवणाऱ्या बाईपासून बाकावर बसून किती दिवस लपणार? एका गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी गाडी बागेपाशी आली, पुढे गेली, मागे आली, फुटपाथला घासली, पुन्हा पुढे गेली. स्टिअरिंगवर एक घामाघूम झालेला गृहस्थ होता. खिडकीतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "आता सरळ करा. सरळ! असू द्या, राहू द्या तिरकी. इंजिन बंद."

त्यांनी काच आणखी खाली केली.

"विहीणबाई, या बाकाला भाडं किती हो?"

हातातला पावाचा तुकडा डब्यात ठेवायचंही काचताईंना सुचलं नाही.

"मंगळवारीही पाहिलं तुम्हाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्याआधीच्या गुरुवारीही. म्हटलं, सांगतील. आठवडाभर वाट पाहिली. आता नाही बाई पाहवत." मग शिकाऊ गृहस्थाकडे वळून, "तुम्ही समोर बघा! रस्ता तिकडे आहे."

गृहस्थाने बिचाऱ्याने बंद गाडीत स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तो समोर बघायला लागला.

मास्तरीणबाई उतरून बाकावर येऊन बसल्या. काचताईंनी सगळं सांगितलं. आणि शेवटी, सहा दिवस जुळवलेलं ते वाक्य एकदाचं तोंडातून निघालं, "मी पुढच्या महिन्यात जाते. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

"कुठे जाणार? या बाकावर?"

"बघेन काहीतरी."

"आणि तुमचा वाटा मी भरला तर?"

"कुणाचं घेऊन मी कधी राहिले नाही," काचताई म्हणाल्या.

"घेऊ नका. तुम्हाला देतंय कोण?" मास्तरीणबाईंचा आवाज चढला तसं गाडीतल्या गृहस्थाने मान वळवली आणि लगेच परत समोर केली. "मी माझंच बघतेय. फॉर्मवर दोन नावं आहेत. तुम्ही गेलात तर माझं एकटीचं उरतं, आणि माझ्या एकटीला तो एजंट दारात उभं करत नाही. मला पुन्हा त्या जिन्यात उभं राहायचं नाही, विहीणबाई. माझे गुडघे दुखतात. तेव्हा तुम्ही राहायचंय, माझ्यासाठी राहायचंय. सकाळची जास्तीची शिकवणी घेईन मी दोन-चार महिने. तुम्ही काम शोधा. बागेत बसून काम मिळत नाही."

काचताईंनी डब्यातला उरलेला पाव मोडला आणि अर्धा मास्तरीणबाईंच्या हातात दिला. मास्तरीणबाईंनी तो खाल्ला, त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, आता याला इथून गाडी काढायला शिकवते. अर्धा तास जाईल."

त्यानंतर पाच महिने काचताईंचा बराचसा वाटा मास्तरीणबाईंनी भरला. पहाटे उजाडताच त्या पहिल्या शिकाऊला घेऊन निघत. घरी त्याचा विषय एकदाही निघाला नाही. काचताई रोज वाट बघत की आज बोलतील, आज चिडून एखादं वाक्य टाकतील. मास्तरीणबाई बाकी सगळ्या जगावर ओरडल्या. भाजीवाल्यावर, पोस्टमनवर, नळावर. या एका गोष्टीवर त्यांनी चकार शब्द काढला नाही.

एका रविवारी मुलं जेवायला आली. काचताई स्वयंपाकघरात होत्या, बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"आई," जावई आपल्या आईला विचारत होता, "तू नवीन बूट घेणार होतीस ना? यांचे तळ तर पार गेलेत."

"जुने पायात बसलेत. पेडल नीट कळतं त्यांच्यात."

"आणि सकाळी इतक्या लवकर जातेस? पैशांची काही अडचण आहे का?"

"अडचण कसली? शिकाऊच वाढलेत. गावातल्या निम्म्या लोकांना एकाच वर्षी गाडी शिकायची हुक्की आलीय, त्याला मी काय करू?"

"आणि माझी आई?" हा लेकीचा आवाज. "तिचं दुकान कसं चाललंय?"

काचताईंचा हात पातेल्यावर थांबला.

"तुझी आई?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "तिच्यासारखं काम करणारं माणूस मी बघितलं नाही. तिला कशाची काळजी? उलट घरात शिस्त आली तिच्यामुळे. पेल्यांना हात लावू देत नाही मला." पोटच्या मुलालासुद्धा त्यांनी काही सांगितलं नव्हतं. काचताईंनी आमटी ढवळल्यासारखं केलं आणि डोळे पुसले. मग मोठ्याने विचारलं, "भात वाढू का?"

काम मिळालं तेही मास्तरीणबाईंच्या गाडीतूनच आलं म्हणायचं. बागेसमोरच्या त्या दवाखान्यातली एक नर्स गाडी शिकत होती. डोळ्यांच्या विभागात गरजूंसाठी चष्मे बनवतात, आणि तिथला कारागीर निवृत्त होतोय, हे तिने गिअर बदलता बदलता सांगितलं. मास्तरीणबाईंनी तिला तिथल्या तिथे गाडी दवाखान्याकडे वळवायला लावली. दोन दिवसांनी काचताईंना बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरांनी एक जाड, तिरकी काच आणि लहान मुलाची नाजूक फ्रेम पुढे ठेवली. काचताईंनी फडक्यातली हत्यारं काढली. वीस मिनिटांत 'कट्' असा आवाज झाला. डॉक्टरांनी चष्मा उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "सोमवारपासून येता का?"

पगार आधीच्याइतकाच होता, दोन बोटं वर. काचताईंनी मास्तरीणबाईंचे पैसे थोडेथोडे करून सात महिन्यांत परत केले. मास्तरीणबाईंनी ते 'कशाला, राहू द्या' असं एकदाही न म्हणता घेतले आणि खिशात टाकले. त्यांनी नको म्हटलं असतं तर काचताईंना पुन्हा मान खाली घालावी लागली असती. ते या बाईला न सांगता कसं कळलं, याचं काचताईंना फार नवल वाटलं.

दोन वर्षांचा करार संपला तेव्हा भाडं पुन्हा वाढलं. दोघींचे पगारही वाढले होते, पण तेवढे नाही. एजंटच्या कचेरीत मास्तरीणबाईंनी अर्धा तास हुज्जत घातली आणि वाढीतला थोडा भाग खाली आणला. काचताई शेजारी गप्प बसून एजंटच्या चष्म्याकडे बघत होत्या. एक काडी वाकली होती. त्यांनी हात पुढे केला, "द्या इकडे," आणि पिशवीतली बारीक पकड काढून ती सरळ करून दिली. एजंटने चष्मा चढवला, डोळ्यांची उघडझाप केली आणि आकड्यातून आणखी थोडं कमी केलं. दोघींनी सह्या केल्या. नात्याच्या रकान्यात अजूनही 'इतर'च होतं.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. येताना जुन्या फर्निचरच्या दुकानात मास्तरीणबाईंना एक आरामखुर्ची दिसली. हिरवं कापड, रुंद हात, एका कोपऱ्यात जराशी उसवलेली. "ही खिडकीपाशी बसेल," त्या म्हणाल्या. गाडी त्या दिवशी दुरुस्तीला होती, आणि हमाल फारच मागत होता. दोघींनी मिळून खुर्ची उचलली आणि निघाल्या.

शंभर पावलांवर दम लागला. खुर्ची फुटपाथवर ठेवली. "आधी तुम्ही बसा," काचताई म्हणाल्या. मास्तरीणबाई बसल्या, त्यांनी पाय ताणले. जाणारे-येणारे बाजूने वळसा घालून जात होते, कुणी हसत होतं. शंभर पावलांनी पुन्हा थांबल्या, या वेळी काचताई बसल्या. तिसऱ्या थांब्याला मास्तरीणबाईंची पाळी आली, तेव्हा काचताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, तुम्ही बसल्या आहात तोवर मला काही बोलायचंय."

"इथे? भर रस्त्यात?"

"घरी तुम्ही मला बोलू देत नाही. ते पाच महिने तुम्ही मला सांभाळलंत. भाड्याचं तर आहेच. पण माझ्या लेकीला कळू दिलं नाहीत, तुमच्या मुलाला कळू दिलं नाहीत, मला एका शब्दाने आठवण करून दिली नाहीत. सख्ख्या बहिणीने केलं नसतं. मला हे नीट बोलता येत नाही. पण मी रोज कामावर जाताना जिना उतरते तेव्हा मनात तुमचे आभार मानते. रोज. हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून सांगितलं."

मास्तरीणबाई खुर्चीच्या हातावरचं कापड बोटाने सारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून माझ्या घरात कुणी माझी वाट बघत नव्हतं. तुम्ही संध्याकाळी दिवा लावून ठेवता. मी खालूनच बघते, लागलाय का ते." एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. "उचला. ऊन वाढतंय."

खुर्ची जिन्यातून वर नेताना दोनदा अडकली. खालचा चांभार धावत आला, त्याने मागून आधार दिला आणि उसवलेला कोपरा फुकट शिवून देण्याचं कबूल केलं. वर आल्यावर खुर्ची खिडकीपाशी ठेवली. मास्तरीणबाई 'जरा बसून बघते' म्हणून बसल्या आणि पाच मिनिटांत, उघड्या तोंडाने, भर दुपारी घोरायला लागल्या.

काचताईंनी त्यांच्या पायांतले बूट हलकेच काढून बाजूला ठेवले, खिडकीचा पडदा निम्मा ओढला, आणि दोघींसाठी चहाचं पाणी ठेवलं.